पंधरावी सॅक

"बारा, तेरा, चौदा! बरोबर! चला!"

मिस्टर गिलेस्पींनी हवेत फिरवलेली काठी खाली टेकवली आणि ते ताडताड लाकडी पुलाकडे निघाले. त्यांच्या मागोमाग किनडॅरिक हिल क्लबची बाकीची माणसंही निघाली. टोप्या, मफलर, हूड आणि पाठीवर सॅक असा प्रत्येकाचा थाट होता. रात्री कडाक्याचा गारठा पडला होता आणि पुलाच्या फळ्यांवर पांढरं हिंव चमकत होतं.

"मिस्टर गिलेस्पी, तुम्ही नुसतं का मोजता? आमच्या बाई तर नावं घेतात!" नऊ वर्षांच्या मंगोने विचारलं.

"नावं शाळेत घेतात, बाळा. मी चाळीस वर्षं लोकांना डोंगरावर नेतोय. चौदा नेले तर चौदा परत आणतो. आकडा बरोबर आला, की झालं!"

मंगो आपलं ओटकेकचं बिस्किट चघळत पुढे पळाला.

त्याची बहीण इशबेल मात्र सगळ्यांच्या मागून चालली होती, आणि तेही मुद्दाम. ती बारा वर्षांची होती. एरवी सगळ्यांच्या पुढे धावणारी पोरगी, पण आज तिने एकाला शब्द दिला होता.

ऑक्टोबरच्या सुट्टीला किनडॅरिकच्या भागात अजून 'बटाट्यांची सुट्टी' म्हणतात. पूर्वी शाळा बंद ठेवून पोरांना शेतात बटाटे वेचायला नेत असत. आता बटाटे यंत्रं काढतात, पण सुट्टी तेवढी राहिली आहे. ती घालवायला इशबेल आणि मंगो जीन आंटीकडे आले होते. जीन आंटीचा तेरा वर्षांचा मुलगा फर्गस हा तिसरा भिडू. सुट्टीचा हा शेवटचा शनिवार होता आणि क्लबबरोबर कार्न ब्रेक हा डोंगर चढायचा बेत होता.

सकाळी मिनीबसमध्ये इशबेलच्या शेजारी मिस्टर पेटिग्रू बसले होते. क्लबबरोबर ते पहिल्यांदाच येत होते. अडुसष्ट वर्षांचे, पांढऱ्या मिशांचे, अंगात करकरीत नवं निळं जॅकेट. त्यांनी जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावले होते. मांडीवर एक जुनी हिरवी सॅक होती आणि तिचा एक पट्टा लाल दोऱ्याने शिवलेला होता.

"अकरा वर्षं झाली मला डोंगर चढून. बायको होती तेव्हा दर शनिवारी जायचो," ते हळूच म्हणाले होते. "मी मागे पडलो तर ही मंडळी वैतागतील का गं?"

"मी चालते ना तुमच्याबरोबर मागे!" इशबेल म्हणाली होती.

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की!"

आणि दोन तास ती खरंच त्यांच्याबरोबर चालली. पुलापलीकडे लांबच लांब दलदल होती. तिच्या काळ्याकुट्ट चिखलात प्रत्येकजण गुडघ्यापर्यंत बरबटला. मंगोचा बूट तर आतच राहिला. तो उपसून काढताना फर्गस पाठीवर आपटला आणि सगळ्या क्लबची करमणूक झाली.

"हसा, हसा! हा माझ्या घरात असाच बसणार आहे सोफ्यावर!" जीन आंटी म्हणाल्या.

चढ सुरू झाल्यावर फर्गस ओरडला, "टार्मिगन! पांढरे व्हायला लागलेत! पळा!"

तिघांनी सॅक वाटेवर फेकल्या आणि धूम ठोकली. आठ-दहा गुबगुबीत पक्षी, निम्मे करडे आणि निम्मे पांढरे, दगडांमधून तुरुतुरु चालले होते. पोरं परत आली तेव्हा जीन आंटी तिन्ही सॅक उचलून फणफणत उभ्या होत्या. रांगेच्या शेवटी चालायचं काम त्यांच्याकडे होतं.

"मी काय हमाल आहे? पुन्हा वाटेवर सॅक टाकलीत ना, तर ती मी खाली दरीत फेकून देईन! समजलं?"

"समजलं, आई," फर्गस म्हणाला. तो आईला घाबरतो असं नाही, पण तिच्याजवळ दुपारचं डम्पलिंग, म्हणजे मनुका घातलेला गोड केक होता.

त्यानंतर पंधरा मिनिटांनी वरच्या उतारावर हरणांचे दोन शिंगाळे नर समोरासमोर उभे ठाकलेले दिसले. एकाने मान वर करून अशी डरकाळी फोडली, की मंगोच्या हातातलं बिस्किट पडलं. फर्गस आधीच धावत सुटला होता, यावेळी सॅक पाठीवर घेऊन!

"आलेच हं!" इशबेल पेटिग्रूंना म्हणाली आणि तीही धावली.

ती परत काही आली नाही. हरणं वर वर सरकत गेली, पोरंही वर वर गेली, आणि बघता बघता ती गिलेस्पींच्या पुढच्या तुकडीत जाऊन मिसळली. मग खिंडीतून धुकं उतरलं. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. इशबेलने दोनदा मागे वळून पाहिलं. तिला थोडं टोचलं, नाही असं नाही. 'पण मागे आंटी आहेच की!' असं तिने स्वतःला समजावलं आणि चालत राहिली.

माथ्यावर दगडांची एक अर्धगोल भिंत आहे. सवा बाराला सगळे तिच्या आडोशाला टेकले. वारा असा बोचरा, की कुणी हूड काढेना आणि कुणी मफलर सोडेना.

गिलेस्पींची काठी फिरली. "बारा, तेरा, चौदा! बरोबर! जेवून घ्या!"

इशबेलने बघितलं. भिंतीच्या टोकाला निळं जॅकेट बसलं होतं. हुश्श! आले म्हणायचे पेटिग्रू. पण आता त्यांच्यासमोर जायचं कसं? 'आलेच' म्हणून पळालेली पोरगी ती!

"हे घे, त्या नव्या पाहुण्यांना देऊन ये," जीन आंटींनी तिच्या हातात डम्पलिंगची फोड ठेवली. "मघाशी चहा दिला तर नुसती मान हलवली. फारच लाजरे आहेत बाई!"

इशबेल उठणार इतक्यात मंगोने तिची बाही ओढली.

"इशबेल, आपण चौदाजण ना?"

"हो. का?"

"मग सॅक पंधरा कशा?"

"काहीतरीच! तू एक दोनदा मोजलीस."

"तीन वेळा मोजल्यात! मला दुसरं काम काय आहे इथे?"

फर्गस तोंड भरलेलं असतानाच हसला. "क्लबमध्ये सॅकला पिल्लं होतात, मंगो. थंडीत."

"मग तूच मोज, शहाण्या!"

फर्गसने मोजल्या आणि त्याचं हसू मावळलं. ढिगातल्या आणि बाहेरच्या मिळून पंधरा सॅक होत्या. ढिगाच्या अगदी तळाशी एक जुनी हिरवी सॅक होती. इशबेलने ती ओढून काढली. एका पट्ट्यावर लाल दोरा होता.

"ही पेटिग्रूंची! मी बसमध्ये पाहिली आहे."

"त्यांची कशी असेल?" फर्गस कुजबुजला. "ते बघ, त्यांची सॅक त्यांच्या पायाशी आहे. राखाडी."

तिघांनी एकदमच भिंतीच्या टोकाकडे पाहिलं. माणूस खाली मान घालून चहा पीत होता. इशबेल डम्पलिंग घेऊन पुढे गेली. जवळ गेल्यावर तिची नजर त्याच्या पायांकडे गेली आणि ती थबकली.

बूट स्वच्छ होते! थोडे ओले, तळाला पाइनच्या दोनचार काड्या चिकटलेल्या, बस्स. इथे बाकीचे सगळे कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे काळे झाले होते आणि हा माणूस मात्र दलदलीतून असा स्वच्छ आला?

तिने धीर करून हूडच्या आत पाहिलं. मिशाच नव्हत्या. वय जेमतेम चाळीस.

"तुम्ही मिस्टर पेटिग्रू नाही!"

माणूस कानापर्यंत लाल झाला. "श्शू! हळू बोल ना! मी डालग्लिश. पलीकडच्या जंगलातून एकटाच आलो. खिंडीत वाऱ्याने माझा नकाशा उडवला. मग तुमची रांग दिसली आणि गुपचूप मागे चालू लागलो. तीन जणांनी मला पेटिग्रू म्हणून हाक मारली. पहिल्यांदाच सांगायला हवं होतं गं! पण मग त्या बाईंनी चहा दिला. चहा घेतल्यावर कसं सांगणार?"

पुढचं बोलणं इशबेलला ऐकू आलं नाही. ती मनातल्या मनात मोजत होती. चौदातला एक परका, म्हणजे आपले तेराच. पेटिग्रू इथे नाहीत. त्यांची सॅक इथे आहे. त्यांचं खाणं, त्यांचा लोकरी स्वेटर, पट्ट्याला बांधलेली शिट्टी, सगळं इथे. आणि ते स्वतः त्या धुक्यात कुठेतरी आहेत, एकटे.

ती धावतच गिलेस्पींकडे गेली. "मिस्टर गिलेस्पी, मिस्टर पेटिग्रू हरवलेत!"

गिलेस्पी नकाशा घडी करत होते. "काय हरवलंय?"

"पेटिग्रू! ते नवीन आलेले!"

"अगं, ते काय बसलेत तिकडे." त्यांनी मान वर न करता काठी दाखवली. "मी स्वतः मोजलंय. चौदा. वर आल्यावरही चौदा. पाच मिनिटांत निघायचंय, धुकं दाट होतंय. खेळ नकोत आता!"

"पण ते पेटिग्रू नाहीत!"

"मग मी गिलेस्पी नाही! जा, सॅक भर."

इशबेलच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंही आणि भीतीचंही. फर्गसने तिला बाजूला ओढलं.

"रडतेस काय? त्यांना माणसं दिसत नाहीत, आकडा दिसतो. मग आकडाच बिघडवू या!"

"म्हणजे?"

"निघण्याआधी ते पुन्हा मोजणार. मोजल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही. मिस्टर डालग्लिश, तुम्हाला मिनिटभर भिंतीमागे लपता येईल?"

"लपायला?" डालग्लिशांचा चेहरा खुलला. "सकाळपासून मी तेच तर करतोय!" आणि सॅक घेऊन ते भिंतीमागे वाकले.

गिलेस्पी उठले. काठी फिरू लागली.

"अकरा, बारा, तेरा..." काठी हवेतच थांबली. "हलू नका रे! एक, दोन, तीन..." पुन्हा तेरा. तिसऱ्यांदा मोजताना त्यांचा आवाज बारीक झाला. "कोण नाहीये? कोण कमी आहे?"

आता कुठे लोकांनी हूड मागे सारून एकमेकांची तोंडं पाहिली.

"ते नवे! पेटिग्रू!"

"ते तुमच्या पुढच्या तुकडीत होते ना?"

"छे! आम्हाला वाटलं मागच्यांबरोबर आहेत!"

मंगोने भिंतीवर टकटक केली. डालग्लिश हळूच उभे राहिले.

"चौदा!" गिलेस्पी आनंदाने ओरडले. "हे काय, आहेत की इथे!"

"नाही!" इशबेल तितक्याच जोरात ओरडली. "नीट बघा! चेहरा बघा त्यांचा, मिस्टर गिलेस्पी!"

डालग्लिशांनी टोपी काढली आणि मान खाली घातली. "माफ करा. चहा उत्तम होता."

कुणी हसलं नाही. गिलेस्पींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इशबेलने हिरवी सॅक पुढे धरली. "ही त्यांची आहे. ढिगात होती. वर कुणी आणली?"

"अगं बाई!" जीन आंटी मटकन खालीच बसल्या. "मी आणली! त्या दोन जुळ्या कातळांपाशी, वाटेच्या कडेला उभी होती. मला वाटलं, पुन्हा तुम्ही पोरांनीच टाकलीत!"

हे ऐकून काय झालं असणार ते सगळ्यांना कळलं. त्या डोंगरांत एक रीत आहे, आणि ती शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कुणाला जरा आडोशाला जायचं असेल, तर त्याने सॅक वाटेच्या कडेला उभी करून जायचं. सॅक दिसली, की शेवटच्या माणसाने तिथेच थांबायचं, मालक येईपर्यंत. पेटिग्रूंनी रीत बरोब्बर पाळली होती. ते कातळामागून परत आले तेव्हा सॅकही नव्हती, माणसंही नव्हती आणि डोंगरही दिसत नव्हता.

"माझ्यामुळे झालं हे," जीन आंटी म्हणत राहिल्या.

'आमच्यामुळे,' इशबेलच्या मनात आलं. 'आणि मी तर कबूल केलं होतं.' पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

गिलेस्पींबद्दल एक मात्र म्हटलं पाहिजे, चूक कळल्यावर त्यांनी हुज्जत घातली नाही. "सगळे एकत्र खाली जायचं, त्याच वाटेने. एकमेकांना हात लागेल इतक्या अंतरावर. दर पन्नास पावलांवर थांबायचं आणि ऐकायचं. बोलायचं नाही." त्यांनी फोन काढून पाहिला. रेंज नव्हती. "साडेपाचनंतर अंधार पडेल, आणि आज रात्री पुन्हा गारठा आहे."

खाली उतरायला तास लागला. थांबायचं, शिट्टी मारायची, ऐकायचं. नुसता वारा! जुळ्या कातळांपाशी पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. तिथे कुणी नव्हतं. गिलेस्पींनी जमीन पाहिली. दगडच दगड, पावलांचा मागमूस नाही.

"तो खालीच गेला असेल, गाडीकडे," कुणीतरी म्हणालं. "शहाणा माणूस दुसरं काय करील?"

"सॅक सोडून?" फर्गस म्हणाला.

इतक्यात इशबेलने हात वर केला. "ऐका!"

डावीकडून, धुक्याच्या आतून, बारीक आवाज आला. टक. टक. टक. टक. मग काहीच नाही.

"गप्पीदास पक्षी आहे तो," गिलेस्पी म्हणाले. "असाच बोलतो, दोन गोटे आपटल्यासारखा. चला, खाली बघू या."

"पण गप्पीदास एवढ्या उंचावर?" फर्गस पुटपुटला. "आणि ऑक्टोबर संपत आल्यावर?"

मंडळी वळली. इशबेल जागची हलली नाही. ती घड्याळाकडे बघत उभी राहिली.

"इशबेल, चल पोरी!"

"एक मिनिट. खरंच एकच मिनिट, मिस्टर गिलेस्पी. घड्याळ लावून!"

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण चाळीस वर्षांच्या अनुभवाचे गिलेस्पी थांबले. सेकंदकाटा फिरत होता. मंगोने श्वास रोखून धरला होता. मिनिट पुरं होतं न होतं तोच, टक, टक, टक, टक, टक, टक.

"सहा," इशबेल म्हणाली.

पुन्हा शांतता. पुन्हा मिनिटभर वाट. पुन्हा सहा.

"आधीचे दोन आपल्याला बोलताना ऐकू आले नसतील," ती म्हणाली. "पक्षी दरवेळी बरोब्बर सहाच का म्हणेल?"

मदत हवी असेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा सहा. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं. शिट्टी सॅकच्या पट्ट्याला अडकलेली राहिली, तर माणूस दुसरं काय वाजवणार? दगडच.

गिलेस्पींनी शिट्टी तोंडात धरली आणि उत्तराच्या तीन शिट्ट्या दिल्या. धुक्यातून टकटक सुरू झाली ती मग मोजूनमापून नाही, वेड्यासारखी, न थांबता!

"मिस्टर पेटिग्रू!" इशबेल किंचाळली आणि धावणार तोच गिलेस्पींनी तिची सॅक धरली.

"धावायचं नाही. तिकडे घळी आहेत. माझ्या मागून, पावलावर पाऊल!"

दोनशे पावलांवर जमीन एकदम तुटली होती. खाली पुरुषभर खोल घळ, तळाशी बर्फासारख्या पाण्याचा ओघळ, आणि त्याच्या कडेला पाठ टेकून बसलेलं निळं जॅकेट. दोन्ही हातांत दोन गोटे होते. ओठ जांभळे पडले होते, मिशांवर दव गोठलं होतं.

"तुम्ही खरेच आहात ना?" ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "मघाशी रांग दिसली म्हणून मागे गेलो. जवळ गेलो तर हरिणी निघाल्या. आणि मग हा पाय..."

उजवा घोटा सुजून भोपळा झाला होता.

मग मात्र क्लबने आपलं कसब दाखवलं. कुणी वर बसून आधार दिला, कुणी खाली उतरलं. सहाजण मावतील असं मोठं केशरी कापड गिलेस्पींच्या सॅकमध्ये होतं. ते डोक्यावरून ओढून पेटिग्रूंना मध्ये बसवलं. एका बाजूला इशबेल, दुसऱ्या बाजूला मंगो, उबेसाठी अगदी चिकटून. जीन आंटींनी हिरव्या सॅकमधला स्वेटर त्यांच्या अंगात घातला आणि कपभर गोड चहा घोटघोट पाजला. सारखं 'माफ करा, माफ करा' म्हणत होत्या, आणि त्या भरात चौथा चमचा साखर टाकली.

"मी खाली जातो. रेंज मिळेपर्यंत पळत," डालग्लिश म्हणाले. "एवढं तरी करू द्या."

"नकाशाशिवाय?" फर्गस म्हणाला. "मी येतो बरोबर. दलदलीतली वाट मला माहीत आहे. बूट घट्ट बांधा, मात्र!"

गिलेस्पींनी मिनिटभर विचार केला. मग क्लबमधला आणखी एक जाणता माणूस, नकाशा आणि होकायंत्र देऊन त्यांनी तिघांना धाडलं. पाऊण तासाने धुकं विरलं आणि चारच्या सुमाराला लाल जॅकेटातली बचाव तुकडी स्ट्रेचर घेऊन चढताना दिसली. पुढे फर्गस होता, छाती काढून, जणू डोंगर त्याच्याच मालकीचा आहे.

तुकडीच्या प्रमुख मिसेस अर्कहार्ट होत्या. धिप्पाड बाई, आवाज त्याहून धिप्पाड. पेटिग्रूंचा घोटा बांधून, त्यांना स्ट्रेचरवर नीट गुंडाळून झाल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता मला सांगा, हे घडलं कसं?"

गिलेस्पींनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. काठी, आकडा, सॅक, सगळं.

"चाळीस वर्षं, गिलेस्पी!" बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मेंढ्या मोजल्यात की माणसं?"

"आज तरी मेंढ्याच," गिलेस्पी हळूच म्हणाले. "पोरांनी वाचवलं मला. मी तर तिला गप्प बसवत होतो."

मिसेस अर्कहार्ट पोरांकडे वळल्या. "सॅक कुणी मोजल्या?"

"मी! तीन वेळा!" मंगो म्हणाला.

"आणि हा लपवाछपवीचा डाव?"

"माझा," फर्गस म्हणाला. "फार काही नाही, सुचलं आपलं."

"आणि टकटक ऐकून घड्याळ लावणारी कोण ते मला कळलंय. ऐका, पोरांनो. अंधारात त्या घळीत आम्ही त्यांना शोधू शकलो असतो की नाही, मला माहीत नाही. माझ्या तुकडीत मोठी मोठी माणसं आहेत, पण मिनिटभर गप्प उभं राहून ऐकणारी फार थोडी आहेत. शाब्बास!"

क्लबने टाळ्या वाजवल्या. जीन आंटींनी रुमालात नाक शिंकरलं. मंगो तर फुगून दुप्पट झाला. इशबेलला मात्र ते शाब्बास घशाखाली उतरेना.

उतरताना ती स्ट्रेचरच्या कडेने चालत राहिली. दलदलीच्या अलीकडे उचलणारे हात बदलायला थांबले आणि दोघांशिवाय जवळ कुणी नव्हतं, तेव्हा तिने एकदाचं तोंड उघडलं.

"मिस्टर पेटिग्रू, सगळे माझं कौतुक करतायत, पण ते खरं नाही. मी तुम्हाला 'आलेच' म्हटलं आणि आले नाही. हरणं बघायला गेले आणि विसरले. मी तुमच्याबरोबर असते तर..." ती रडू लागली, सकाळपासूनचं सगळं एकदम.

पेटिग्रूंनी तिला रडू दिलं. 'छे छे, तुझी काही चूक नाही' असलं काही ते म्हणाले नाहीत.

"हो, आली नाहीस," ते म्हणाले. "मला रागही आला होता. घळीत बसून पहिला तासभर मी तुझ्यावर चिडलो होतो. खरं सांगू? त्यानेच थोडी ऊब आली."

इशबेलला रडता रडता हसू फुटलं.

"मग स्वतःवर चिडलो. एवढा मोठा बाप्या, 'जरा थांबा हो माझ्यासाठी' असं मोठ्यांना म्हणायची लाज वाटली म्हणून एका पोरीच्या गळ्यात पडलो. आणि मग दगड आपटायला लागलो. तासाहून जास्त आपटले. वरून शिट्ट्या ऐकू आल्या, मग माणसांचे आवाज आले, आणि मग ते आवाज वळून लांब जायला लागले. ते सगळ्यात वाईट होतं, पोरी. त्यापुढे थंडी काहीच नाही."

इशबेलने स्ट्रेचरची कड धरली.

"आणि मग एक आवाज तिथेच राहिला," पेटिग्रू म्हणाले. "तो गेला नाही. एवढंच मला लक्षात आहे. बाकीचं तू विसरलीस तरी चालेल."

स्ट्रेचर उचलायला माणसं आली. इशबेलने बाहीने डोळे पुसले, हिरवी सॅक स्वतःच्या पाठीवर टाकली आणि काळ्या चिखलात पहिलं पाऊल टाकलं.